रुचाच्या बारशाचं पातेलं

फुनाबोरी, ८ ऑक्टोबर २०२२

प्रिय प्रणिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच केरात टाकू शकतेस. पुण्यात ते सोपं आहे. आमच्याकडे जपानात कागद वेगळा, पाकिटाची प्लास्टिकची खिडकी वेगळी आणि दोन्हींचे वार वेगळे. इथे राग काढायचा तरी आधी वेळापत्रक बघावं लागतं.

फोनवर तू मला साडेअकरा वर्षांपूर्वी बंद केलंस, म्हणून कागद. पत्ता आपल्या खालच्या मजल्यावरच्या सुमनने दिला. देताना तिने जो उसासा टाकला, तो पाकिटात घातला असता तर जादा तिकीट लागलं असतं.

क्षेमकुशल शेवटी, आधी काम. (पत्रलेखनाचा हा क्रम चूक आहे, असं मी पुण्यात सातवीच्या वर्गाला बजावायचे.)

आपल्या वॉर्डात लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर एक छोटं इतिहास संग्रहालय आहे. तू असताना ते बहुधा बंदच असायचं. पुढच्या मार्चमध्ये तिथे शाळकरी मुलांनी उभारलेलं प्रदर्शन भरणार आहे: २०११च्या भूकंपानंतरच्या दिवसांत इथल्या घरांमध्ये काय चाललं होतं. मुलांचे पाच गट केलेत. कुणाकडे मासळीची दुकानं, कुणाकडे वृद्धाश्रम, आणि एका गटाकडे आपण, म्हणजे भारतीय घरं. गटात चौघं. दोन जपानी मुलगे, आणि वैभवी व सुशांत ही आपली दोघं. आपली दोघं माझ्या शनिवारच्या मराठीच्या वर्गात येतात आणि माझ्या सगळ्या प्रश्नांना जपानीत उत्तरं देऊन मराठी शिकतात.

गटाने प्रत्येक घराकडे एक वस्तू मागितली, त्या दिवसांत रोज हाताळलेली. कुणी बॅटरी दिली, कुणी रेडिओ, कुणी न वापरलेलं विमानाचं तिकीट. मी पाणी उकळायचं पातेलं दिलं. संग्रहालयाच्या माएदा-सान बाईंनी ते पांढरे हातमोजे घालून उचललं. ज्या पातेल्याला मी बारा वर्षं तारेच्या घासणीने रगडतेय, त्याच्या नशिबात हातमोजे होते हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी ते फिरवलं आणि काठाखालच्या टिंबांवर बोट ठेवून विचारलं, हा शिलालेख काय आहे?

तुला सांगायला नको. ‘चि. रुचा, बारशाची भेट, १८-७-२०१०’. तुझ्या आईने अशी पंधरा पातेली नाव कोरून घेतली आणि एकात एक बसवून विमानातून आणली. नारिताच्या कस्टमवाल्याला वाटलं, बाई खानावळ काढायला आल्या आहेत.

आता अडचण अशी, की संग्रहालयाचा नियम आहे: वस्तूवर जिचं नाव आहे तिची संमती लागते, आणि ती लहान असेल तर आईची. भांडं माझं, नाव तुझ्या लेकीचं. सुशांतने सुचवलं की नाव भिंतीकडे करून ठेवू. माएदा-सान म्हणाल्या, मग वस्तू मांडली असं होणार नाही, लपवली असं होईल. संमती नसेल तर पातेलं घरी परत.

सोबत फॉर्म आहे, खाली मी मराठी भाषांतर लिहिलंय. दोन चौकटी. पहिलीत ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. दुसरीत मजकुरात काही दुरुस्ती असल्यास ती. वस्तूशेजारच्या पाटीचा मजकूर तयार झाला की पाठवते. मुदत वीस फेब्रुवारी.

क्षेम आहे. अंबरीषची बँकेतली दोन वर्षं उरलीत. मी सकाळी बेंतोच्या दुकानात डबे भरते आणि पाय दुखतात. तू कशी आहेस असं विचारण्याचा अधिकार मला आहे का, हे ठाऊक नसल्यामुळे विचारत नाही.

सुलेखा

फुनाबोरी, २९ ऑक्टोबर २०२२

प्रिय प्रणिता,

उत्तर आलं नाही. येईल असं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पाटीचा कच्चा मजकूर सोबत जोडते.

आज मुलांनी माझी तासभर मुलाखत घेतली. चौघं एका रांगेत बसले, समोर मी, मध्ये पातेलं. मी सांगितलं ते असं. धक्के थांबत नव्हते, कपाटांची दारं चिकटपट्टीने बंद केली होती, आणि मी रोज सकाळी या पातेल्यात पाणी उकळून गाळून तीन घरांना द्यायचे. एका घरात म्हातारे सासरे होते, एका घरात तान्हं बाळ. पातेलं भूकंपातही शेगडीवरून उतरलं नाही.

वैभवीने त्याची पाटी केली: ‘सुलेखाकाकूंनी या पातेल्यात पाणी उकळून तीन कुटुंबांना दिलं. घाबरलेल्या शेजाऱ्यांना त्यामुळे धीर आला.’ चौघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात, बहुधा.

यात खोटं एक अक्षर नाही, बघ. मीमांसेत अशा मजकुराला अर्थवाद म्हणतात. तो स्तुती करतो, आणि ऐकणाऱ्याने विधी, म्हणजे खरी आज्ञा, काय ते दुसरीकडे शोधायचं असतं.

पातेल्यावरची रुचा कोण, हेही वैभवीने विचारलं. म्हटलं, समोरच्या दारातल्या प्रणिताची मुलगी. त्या दोघी तेव्हाच पुण्याला परतल्या. का, तर त्या वेळी पुष्कळ लोक घाबरून गेले. वैभवीने लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेते.

शेवटी त्यांची हान्सेकाई झाली. काम संपलं की सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपलं काय चुकलं ते सांगायचं, असा इथल्या शाळांचा रिवाज. सुशांत म्हणाला, मी रेकॉर्डर चार्ज करून आणला नाही. एक जपानी मुलगा म्हणाला, काकू बोलत असताना माझं लक्ष त्यांच्या लाडवांकडे होतं. गणपती झाल्यावर आपल्या मंडळातही अशी बैठक व्हायची, आठवतं? फक्त तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचं काय चुकलं ते सांगायचा, आणि ती त्यामुळे पुष्कळ लांबायची.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, लाडू कमी केले. सगळे हसले.

दुरुस्ती असल्यास दुसऱ्या चौकटीत लिही. नसेलच म्हणा.

सुलेखा

फुनाबोरी, १९ नोव्हेंबर २०२२

प्रणिता,

मुलांनी संग्रहालयाच्या लांब भिंतीवर कागदाची पट्टी लावली आहे. अकरा मार्चपासून एकतीस मार्चपर्यंत, एका दिवसाला एक हात. ज्याला जे सापडेल ते त्याने त्या तारखेखाली चिकटवायचं. आज त्या लाडूवाल्या मुलाने तेवीस तारखेखाली अणुभट्टीच्या अपघातानंतर निघालेल्या सूचनेची प्रत चिकटवली: नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन आढळलं आहे, एक वर्षाखालच्या बाळांना हे पाणी देऊ नये. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उकळून जात नाही.’

वैभवी माझी पाटी घेऊन तिथे आली. पाटी कुठल्या तारखेखाली लावायची ते ठरवायचं होतं. तिने सूचना वाचली. पाटी वाचली. मग पुन्हा सूचना. मी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघण्याचं काम करत होते.

“काकू,” ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, “बाळालापण हेच पाणी दिलं का?”

मी विचारलं, चहा घेणार का. संग्रहालयात चहाला बंदी आहे.

तिने परत विचारलं नाही. पाटी तिने हातातच ठेवली. त्या मुलीचा हा गुण मला फार जाचतो.

आता तुला माहीत असलेलीच गोष्ट तुला लिहिते. हास, हवं तर. पण हे मी आजवर कुणालाच लिहिलेलं नाही, आणि पहिली प्रत तुझ्याकडे असावी.

चोवीस मार्च, गुरुवार. तुझा नवरा माधव योकोहामाच्या साइटवर अडकलेला. तू सकाळी लवकर रांगेत उभी राहिलीस. तान्ह्या बाळामागे तीन बाटल्या मिळत होत्या. त्या आणून माझ्या ओट्यावर ठेवल्यास, रुचाला माझ्या मांडीवर दिलंस आणि ऑफिसला जायला निघालीस. दारात बूट घालताना म्हणालीस, “ताई, उकळून उपयोग नाही म्हणतायत. हेच वापरा.” मी म्हटलं, जा तू निर्धास्त.

आणि मी बाटल्या फ्रिजवर ठेवून दिल्या. पुढे लागतील म्हणून. आणखी वाईट दिवस आले तर? तू मला ओळखतेस. नवी चादर पाहुण्यांसाठी, काजू सणासाठी, चांगलं ते नंतरसाठी. माझ्या आईने मरेपर्यंत एक काचेचा संच असाच जपला, आणि तो शेवटी तिच्या तेराव्याला वापरला गेला. शिवाय पाणी म्हणजे उकळलेलं, हे माझ्या हाडात होतं. आपण उकळून प्यायलो, मुलांना उकळून पाजलं, पाहुण्यांना ‘उकळलेलं आहे हं’ असं सांगून पेला पुढे केला. दिसत नाही, वास नाही, आणि उकळूनही जात नाही, असं काही पाण्यात असू शकतं, हे माझ्या व्याकरणात बसेना.

पातेल्यातल्या पाण्यात पावडर कालवून मी तिला दोनदा दूध पाजलं. एकदा बारा वाजता, एकदा चारला.

आता माझ्या बाजूचंही लिहिते. त्याच दिवशी दुपारी तपासणीत पाणी मर्यादेखाली आलं आणि सूचना मागे घेतली गेली. म्हणजे बहुधा काहीही झालं नाही. रुचाला तेरावं वर्ष लागलंय आणि ती पोहण्यात पदकं आणते असं सुमनकडून कळतं. अकरा वर्षं मी ही एक ओळ जपून ठेवली आहे आणि ज्याने विषय काढला त्याला दाखवली आहे. ती खरी आहे. फक्त, बारा वाजता मला ती ठाऊक नव्हती.

आज हान्सेकाईला मी थांबले नाही. डब्यांच्या दुकानात काम आहे म्हटलं. दुकान शनिवारी दुपारी बंद असतं.

सुलेखा

फुनाबोरी, १४ जानेवारी २०२३

प्रणिता,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. तू ती शोधली असशील. पोथी चाळताना मजकूर कुठे गळला आहे हे ज्याच्याकडे दुसरी प्रत असते त्याला लगेच कळतं, आणि दुसरी प्रत फक्त तुझ्याकडे आहे.

तू ऑफिसातून फोन केला होतास.

“ताई, बाटलीचंच पाणी देताय ना?”

“हो गं.”

बाटल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, सील न तोडलेल्या. तू सहाला आलीस, रुचाला घेतलंस, फ्रिजवर पाहिलंस, आणि एवढंच म्हणालीस, “सील तसंच आहे.” मी हसले. उकळलेलं होतं गं, म्हटलं, आपल्या सात पिढ्या उकळलेल्या पाण्यावर वाढल्या. तू तीनही बाटल्या उचलल्यास, लेक उचललीस आणि समोरच्या दारात गेलीस. दोन दिवसांनी विमानात बसलीस.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की प्रणिता घाबरट, जरा उकळलेल्या पाण्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. तू आवाजसुद्धा चढवला नव्हतास. पण मी इथे होते आणि तू नव्हतीस, त्यामुळे माझाच पाठ प्रचलित झाला. सुमनसुद्धा अजून तोच सांगते.

इतकी वर्षं मी पाण्याचंच समर्थन करत आले. पाण्याबद्दल तू मला एका आठवड्यात माफ केलं असतंस, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. उकळण्यावर माझा खरोखर विश्वास असता, तर ‘नाही गं, उकळून देतेय’ एवढं म्हणायला काय हरकत होती? ते माझ्या तोंडून निघालं नाही. ‘हो’ निघालं.

हे मी आज मुलांना सांगितलं. अंबरीष म्हणाला होता, सांगू नकोस, तेरा-चौदा वर्षांची पोरं आहेत, वर्गात तोंड कसं दाखवशील. मी म्हटलं, माझं तोंड तसंही ते बघत नाहीत, लाडू बघतात.

मराठीत सांगितलं. वैभवीने जपानीत सांगितलं त्या दोघांना. सांगताना ती एकदा थांबली आणि शब्द शोधू लागली, आणि मला वाटलं आता ही काहीतरी सौम्य शोधणार. नाही शोधलं.

मग त्यांच्यात वाद झाला. सुशांतचं म्हणणं, पातेलंच काढून टाकू, काकूंना कशाला त्रास, आपल्याकडे रेडिओ आहे. वैभवी म्हणाली, पहिली पाटी फाडायची असेल तर दुसरी लावायला हवी. रिकामी जागा ठेवली तर लोक पहिलीच समजतील. शेवटी चौघांनी मिळून लिहिलं, आणि माएदा-सानने फक्त एक विशेषण काढलं. ते ‘बिचाऱ्या’ होतं, माझ्याआधी लावलेलं. सुशांतने घातलं होतं.

मजकूर असा:

‘बाळाला देण्यासाठी आईने रांगेत उभं राहून बाटलीचं पाणी आणलं होतं. शेजारच्या काकूंनी ते जपून ठेवलं आणि या पातेल्यात उकळलेलं नळाचं पाणी बाळाला दिलं. आईने फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी बाटलीचं देते असं सांगितलं. पातेल्यावर बाळाचं नाव आहे.’

ही पाटी तुझ्या संमतीशिवाय लागणार नाही. ‘अमान्य’ लिहिलंस तरी फॉर्म पाठव, एवढीच विनंती. न पाठवलास तर पातेलं परत येईल, मी ते ओट्याखाली ठेवीन, आणि भिंतीवर चोवीस तारखेखाली एक हात कोरा राहील. तो कोरा हात बघायला मी जाणार नाही. थकले आहे गं. राग तुझा आहे, पण माझी बाजू सांभाळायचं काम अकरा वर्षं मी एकटीने केलंय, आणि त्यात सुट्टी नसते.

सुलेखा

फुनाबोरी, १२ मार्च २०२३

प्रणिता,

फॉर्म अठरा फेब्रुवारीला पोचला. पाकीट मी दुकानातच फाडलं, प्लास्टिकचे हातमोजे घालून, कारण डबे भरायचे बाकी होते. म्हणजे हातमोजे शेवटी माझ्याही नशिबात आले.

पत्र नव्हतं. पत्राची अपेक्षा करून मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, हे कबूल करते.

पहिल्या चौकटीत ‘मान्य’. खाली तुझी सही, आणि तुझ्या सहीखाली रुचाची. फॉर्ममध्ये मुलीच्या सहीला जागाच नाही, ती तुम्ही रेघ मारून केली आहे. म्हणजे तू तिला सांगितलंस. सगळं, की पाटीपुरतं, ते मला माहीत नाही. सही मात्र पक्की आहे. ‘र’ला तुझ्यासारखाच झोका आहे.

आणि दुसऱ्या चौकटीत:

‘फोन एकदा नाही, तीनदा केला होता. साडेबारा, अडीच, साडेचार. तिन्ही वेळा हो म्हणालात.’

मी फ्रीजरसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे.

मी विसरले नव्हते, प्रणिता. विसरले असते तर निदान विसरल्याचं तरी सांगता आलं असतं. पहिल्या फोनच्या वेळी बाराचं दूध पाजून झालं होतं. पण दुसऱ्या फोनच्या वेळी चारचं दूध अजून व्हायचं होतं. हात वर केला असता तर फ्रिजवरची बाटली हाताला लागली असती. पण मग साडेबाराचं ‘हो’ खोटं ठरलं असतं. ते खरं राहावं म्हणून मी चारचं दूध पातेल्यातल्या पाण्याने केलं. हे तू चौकटीत लिहिलं नाहीस, पण वेळा लिहिल्यास. पुरे झालं.

तू मला ‘म्हणालात’ लिहिलंस, हेही पाहिलं. ताई मात्र लिहिलं नाहीस.

वैभवीने पाटी पुन्हा छापली. ‘आईने तीन वेळा फोन करून विचारलं. काकूंनी तिन्ही वेळा बाटलीचं देते असं सांगितलं.’ काल उद्घाटन झालं. गर्दी बेताची होती. पातेलं काचेत आहे, नाव समोर. बुडाचा काळा डाग मी घासून आणला नव्हता म्हणून माएदा-सानने माझं कौतुक केलं. मी आळसाने घासला नव्हता. एक जपानी आजीबाई पाटीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी वैभवीला विचारलं की ते बाळ आता कसं आहे. वैभवी म्हणाली, पोहतं. आजीबाई हसल्या आणि मासळीवाल्यांच्या गटाकडे गेल्या. अंबरीषने पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. घरी येताना स्टेशनपाशी म्हणाला की तीनदा हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाचला शेवटची हान्सेकाई झाली. सुशांत म्हणाला, मी पातेलं काढून टाकू म्हटलं ते चुकलं. लाडूवाला म्हणाला, त्याने सूचना चिकटवली पण ती मागे घेतल्याचा कागद चिकटवायला एक महिना उशीर केला, ते काकूंवर अन्याय करणारं होतं. मला त्याला डबाभर लाडू द्यावेसे वाटले. वैभवी म्हणाली, पहिली पाटी तिने न तपासता लिहिली, कारण सांगणाऱ्या काकू होत्या.

मग माझ्याकडे बघितलं सगळ्यांनी. मी नियमाप्रमाणे उठून उभी राहिले. इथे नुसतं आपलं सांगायचं असतं, कारण द्यायचं नसतं. माझी कारणं तुला ठाऊक आहेत, ती मी याआधीच्या पत्रांत पुरवून पुरवून वाढली आहेत. म्हटलं, तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा खोटं सांगितलं. वैभवीने जपानीत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चौघांनी मान लववली, मी लववली, आणि आम्ही खुर्च्या उचलून ठेवल्या.

एकतीसला प्रदर्शन संपेल. वस्तू ज्याची त्याला परत. पातेलं मी घेईन, किंवा रुचाला हवं असेल तर पाठवीन. नाव तिचं आहे.

फोन कर असं म्हणत नाही. केलास, तर जे विचारशील ते एकदाच विचारावं लागेल.

तुझी,
सुलेखाताई (हे मी लिहिलंय, नको असेल तर खोड)